दार, किल्ली आणि ‘तसल्या’ गोष्टी

(द्वितीय वर्ष, कला)

‘तसली’ हे मराठीतले मोठे सोयीचे विशेषण आहे. तसले पुस्तक, तसला सिनेमा, तसली मुलगी. म्हणजे नेमके काय, ते बोलणाऱ्याने सांगायचे नाही आणि ऐकणाऱ्याने विचारायचे नाही. इंग्रजीतल्या शृंगारिक प्रेमकथांना आपल्याकडे हेच विशेषण कायमचे चिकटले आहे. त्या वाचल्या जातात हे वसतिगृहाच्या भिंतींनाही ठाऊक आहे. पूर्वी वर्तमानपत्राचे कव्हर घालून वाचत, आता मोबाइलचा उजेड कमी करून वाचतात, एवढाच काय तो फरक. मात्र त्यांत असते काय, त्या कशा वाचायच्या, याविषयी कुणी चार शब्द बोलत नाही. मध्यंतरी एका व्याख्यानात पाहुण्यांनी ‘असल्या पुस्तकांनी मुली बिघडतात’ असे बजावून सांगितले. मुलगे कशाने बिघडतात हे सांगायला त्यांना वेळ उरला नाही. असो. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम विषयाची हद्द आखून घेऊ. इंग्लंड-स्कॉटलंडात घडणाऱ्या, आपल्या किंवा आपल्या आईवडिलांच्या काळातल्या प्रेमकथा मी येथे धरल्या आहेत. विशेषतः लघुकथा, आणि त्यांच्याच घराण्यातल्या छोट्या कादंबऱ्या. त्यातही ज्यांत लेखिका शयनगृहाच्या दाराशी थांबून वाचकाचा निरोप घेत नाही, अशा. (लेखिका म्हणते, कारण लिहिणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत, आणि वाचणाऱ्याही.)

अशा बऱ्याच कथा वाचल्यावर माझे एक मत बनले आहे. या कथांतली ऊब शरीराच्या वर्णनातून येते असे वरवर वाटते, पण ती खरी येते दारातून. खोली कुणाची आहे, भाडे कोण भरते, दार आतून कोण लावते आणि किल्ली कुणाजवळ आहे, हे ज्याला उमगले त्याला कथा उमगली. बाकी वर्णने थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखीच असतात, आणि खरे सांगायचे तर तिसऱ्या-चौथ्या कथेनंतर कंटाळवाणीही होतात.

आपल्या वाचकाला हे चटकन लक्षात येत नाही, कारण आपल्याकडे दाराचा अर्थच वेगळा. आमच्या घराला दोन खोल्या आणि एक दार. ते दिवसा लावलेले दिसले तर शेजारच्या काकू हाक मारून विचारतात, ‘सगळं बरं आहे ना गं?’ मधल्या खोलीला पडदा आहे. पडद्याला कडी नसते. अशा घरातून आलेल्या मुलीने ‘तिने मागे वळून दार लावले’ हे इंग्रजी वाक्य वाचले, तर तिला ते साधे वाटते; तिथे नुसती हवा आत येऊ नये म्हणून दार लावले असेल, असे वाटते. वास्तविक कथा तिथेच सुरू झालेली असते.

जुन्या ब्रिटिश कथांत ‘बेडसिट’ नावाची एक वस्तू वारंवार येते. बेडसिट म्हणजे मोठ्या घरातली भाड्याने दिलेली एकच खोली. त्यातच खाट, त्यातच खुर्ची, कोपऱ्यात चहाची किटली. न्हाणीघर जिन्यावर, चार भाडेकरूंत मिळून एक. भिंतीतल्या गॅसच्या शेगडीला मीटर असायचा. त्यात शिलिंगाचे नाणे टाकले की शेगडी पेटायची आणि पैसे संपले की विझायची. खाली घरमालकीण. रात्री अमुक वाजल्यानंतर पुरुष पाहुणा वर नको, हा तिचा नियम. गावाकडून लंडनला टायपिस्टची नोकरी करायला आलेली मुलगी अशा खोलीत राहते. आता विचार करा, या एका खोलीत किती गोष्टी भरल्या आहेत! जिन्याची करकरणारी पायरी, मालकिणीचा कान, विझत चाललेली शेगडी, आणि ‘तुझ्याकडे एखादा शिलिंग आहे का?’ हा प्रश्न. त्या तरुणाने खिशात हात घालून नाणे काढले, तर तो अजून थोडा वेळ थांबणार, हे वाचकाला न सांगता कळते. एवढे जमले की पुढची दोन पाने शृंगाराची नसली तरी चालते.

किल्लीचे म्हणाल, तर या घराण्याच्या मूळ पुरुषाकडेच जावे लागेल. डी. एच. लॉरेन्सची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ १९२८ साली इटलीत फ्लॉरेन्स येथे खासगीरीत्या छापली गेली. तिचे नाव सर्वांनी ऐकलेले असते, पण तिच्यातली एक साधी गोष्ट कुणी सांगत नाही. कॉनी मोठ्या वाड्याची मालकीण. तिथे खोल्या भरपूर. पण तिला बसायला आवडते ते रानातल्या रखवालदाराच्या खोपटात. आणि त्यांच्यात काही घडण्याच्या बरेच आधी ती त्याच्याकडे मागते काय, तर त्या खोपटाची दुसरी किल्ली. तो रखवालदार चिडतो, दुसरी किल्ली नाही म्हणतो. कोळशाच्या खाणींच्या मुलुखात, वाड्याची मालकीण आपल्याच नोकराकडे किल्ली मागते आणि तो नाही म्हणतो! मला विचाराल तर अख्ख्या पुस्तकातला सर्वांत धाडसी प्रसंग हाच आहे.

ही कादंबरी पेंग्विनने १९६० साली साडेतीन शिलिंगांत काढली आणि लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात खटला उभा राहिला. सरकारी वकिलाने ज्यूरीला विचारले की, हे पुस्तक आपल्या बायकोने किंवा नोकरांनी वाचावे असे तुम्हाला वाटेल काय? ज्यूरीत बायकाही बसलेल्या होत्या. पेंग्विन निर्दोष सुटली आणि विक्रीच्या पहिल्याच दिवशी दोन लाख प्रती खपल्या. बायको आणि नोकर यांना त्या वकिलाने एका ओळीत बसवले, ही गोष्ट लोकांना अश्लीलतेपेक्षा जास्त झोंबली असावी.

आता याच पुस्तकाचे मुंबईत काय झाले ते पाहा. मुंबईतल्या एका पुस्तकाच्या स्टॉलचे भागीदार रणजित उदेशी यांच्यावर ते विकल्याबद्दल खटला झाला. पोलिसांनी पाठवलेल्या खोट्या गिऱ्हाइकाने प्रत विकत घेतली होती. दंड वीस रुपये. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९६४ साली तिथेही शिक्षा कायम राहिली. कसोटी लावली ती ‘हिकलिन’ खटल्याची, म्हणजे १८६८ सालच्या इंग्रजी निकालाची. ज्या इंग्रजांनी ती कसोटी जन्माला घातली त्यांनी १९५९ मध्ये नवा कायदा करून ती मोडीत काढली होती; आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती सोडली २०१४ साली.

मात्र मराठी माणसाने या बाबतीत अगदीच मान खाली घालण्याचे कारण नाही. १९६२ च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली. तिच्यावरही अश्लीलतेचा खटला भरला गेला, उच्च न्यायालयात लेखक दोषी ठरला, पण १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलत आहेत आणि एखादी कथा तिच्यातल्या सुट्या ओळी काढून नव्हे, तर संपूर्ण वाचून तोलली पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणजे ‘तसल्या’ लघुकथेवरचा देशातला एक महत्त्वाचा निकाल आपल्या दिवाळी अंकामुळे लागला. मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात ही गोष्ट कुठे सांगितलेली मला आढळली नाही.

आता ‘मिल्स अँड बून’. हे नाव घेताच मागच्या बाकावर खसखस पिकते, पण हिचा इतिहास गंभीरपणे पाहण्यासारखा आहे. १९०८ साली जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून यांनी लंडनमध्ये ही संस्था काढली तेव्हा ती सर्व तऱ्हेची पुस्तके छापत असे, जॅक लंडनचीसुद्धा. १९३० नंतर ती प्रेमकथांकडे वळली, त्याचे कारण वाचनालये. दोन पेन्स देऊन पुस्तक घरी न्यायची सोय गल्लोगल्ली झाली होती. बूट्स ही तर औषधांची दुकाने, पण त्यांचेही स्वतःचे वाचनालय होते, आणि ते १९६६ पर्यंत चालले. म्हणजे खोकल्याचे औषध आणि प्रेमकथा एकाच छपराखाली मिळत. तपकिरी बांधणीची ती पुस्तके आठवड्याला दोन-तीन या हिशेबाने वाचली जात. वाचनालयात पुस्तक ठेवायचे तर ते आईने उघडले तरी चालेल असे हवे. म्हणून या काळातल्या कथा दाराशी थांबतात. पुढे वाचनालये बंद पडली, कागदी बांधणीची स्वस्त पुस्तके आली, ती विकत घेऊन पर्समध्ये ठेवता येऊ लागली, आणि मग कथाही दाराच्या आत गेली. १९७१ साली कॅनडाच्या हार्लेक्विनने ही संस्था विकत घेतली, तीच आता २०१४ पासून हार्परकॉलिन्सकडे आहे. २००८ साली तिने भारतातही अधिकृतपणे दुकान मांडले. त्याआधी कित्येक वर्षे ती आपल्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात होतीच.

यांतल्या जुन्या पुस्तकांविषयी एक तक्रार मात्र नोंदवलीच पाहिजे. १९७०-८० च्या दशकांतला त्यांचा नायक फार उद्धट. तो मनगट पिरगाळतो, नायिकेचे ‘नाही’ त्याला ऐकूच येत नाही, आणि ती शेवटी त्याच्याच गळ्यात पडते. श्रीमंत, देखणा आणि दार न वाजवता आत येणारा. काही मैत्रिणी म्हणतात, गोष्टच तर आहे. मला ते पटत नाही. जिथे दार ढकलून आत येता येते तिथे दाराला किंमत उरत नाही, आणि दाराची किंमत गेली की या कथेत उरते काय? अलीकडच्या लेखिकांनी ही खोड बरीच मोडली आहे. त्यांचा नायक विचारतो. आणि गंमत अशी की विचारण्याने कथा थंड पडत नाही. उलट उत्तर येईपर्यंतचा जो क्षण असतो तोच सर्वांत गरम ठरतो.

लघुकथेचे आणि कादंबरीचे गणित येथे वेगळे आहे. मिल्स अँड बूनच्या पुस्तकाला साधारण पन्नास हजार शब्द मिळतात आणि शेवटी दोघे कायमचे एकत्र यावेच लागतात. तो करारच आहे. लघुकथेला हे बंधन नसते. ती एका संध्याकाळी सुरू होऊन दुसऱ्या सकाळी संपू शकते. अर्थात सगळ्याच इंग्रजी प्रेम-लघुकथा तशा नाहीत. स्कॉटलंडमधल्या डंडी येथून १८६९ पासून निघणारे ‘पीपल्स फ्रेंड’ साप्ताहिक आजही चालू आहे, आणि त्यातल्या कथा आजीला वाचून दाखवाव्यात इतक्या सोज्वळ असतात. दुसऱ्या टोकाला १९९३ साली निघालेली ‘ब्लॅक लेस’ ही पुस्तकमाला. तिने जाहीरपणे सांगितले की शृंगारकथा बायकांनी बायकांसाठी लिहायच्या. तिचे लघुकथासंग्रहही निघाले. या दोन टोकांच्या मध्ये जिली कूपर उभी आहे. १९८१ च्या ‘लिसा अँड को’ या संग्रहातल्या तिच्या कथा आधी तरुणींच्या मासिकांसाठी लिहिलेल्या होत्या. ती ऑक्टोबर २०२५ मध्ये वारली तेव्हा इंग्लंडमध्ये थोरामोठ्यांनी हळहळ व्यक्त केली. ‘तसली’ लेखिका म्हणून तिला कुणी बाजूला बसवले नाही. तिच्या कथांत विनोद भरपूर, आणि शृंगार हसत हसत येतो. आपल्याकडे शृंगार आणि हसू एकत्र आले की त्याचा थिल्लरपणा होतो, अशी समजूत का आहे कोण जाणे. लावणीने तर असे कधी मानले नाही.

नव्या वाचकाला अडतील अशा काही बारीक गोष्टी सांगते. रात्री घरापर्यंत सोडायला आलेल्या माणसाला नायिका ‘वर कॉफीला येतोस?’ असे विचारते, तेव्हा प्रश्न कॉफीचा नसतो. पुढे कॉफी पिऊन झाल्याचे वर्णन आले नाही म्हणून गोंधळून जाऊ नये. उलट यॉर्कशायरमध्ये बस-कंडक्टर किंवा दुकानदारीण ‘लव्ह’ म्हणून हाक मारते, त्यात प्रेमाचा अंशही नसतो. आपल्या ‘ताई’सारखेच ते. उत्तरेकडे ‘टी’ म्हणजे पुष्कळदा संध्याकाळचे जेवण. इंग्रज माणूस ‘तू मला बरी वाटतेस’ एवढेच म्हणाला तर तो जिवावर उदार होऊन बोलला असे समजावे. आणि पाऊस. आपल्या कवितेत पाऊस म्हणजे मीलन, अंगणात येऊन भिजणे. तिथला पाऊस थंड, बारीक, चिडचिड आणणारा. त्याच्यामुळे माणसे आत जातात. शेवटची गाडी रद्द होते, ओला कोट खुंटीला लागतो, कुणी तरी टॉवेल देते. आपला पाऊस घराबाहेर बोलावतो, त्यांचा पाऊस घरात कोंडतो. पुन्हा खोलीच!

ही खोली त्या मुलींना आयती मिळालेली नाही, हेही ध्यानात घ्यावे. १९७० सालापर्यंत इंग्लंडमध्ये सज्ञानतेचे वय एकवीस होते. त्याआत लग्न करायचे तर आईवडिलांची संमती लागे, म्हणून प्रेमिक पळून स्कॉटलंडच्या सीमेवरच्या ग्रेट्ना ग्रीनला जात. गर्भनिरोधक गोळी १९६१ मध्ये सरकारी आरोग्यसेवेत आली ती मुख्यतः विवाहितांसाठी. विवाहित-अविवाहित भेद न करता मोफत मिळू लागली १९७४ पासून. १९७५ चा लिंगभेदविरोधी कायदा होईपर्यंत नोकरी करणाऱ्या बाईलाही घरासाठी कर्ज देताना कुणा पुरुषाची हमी मागितली जाई. ही सालांची यादी रुक्ष वाटेल, पण ती मनात ठेवून १९६५ ची कथा आणि १९८५ ची कथा शेजारी शेजारी वाचा. पहिलीतली मुलगी मालकिणीच्या पावलांचा कानोसा घेते. दुसरीतली स्वतःच्या फ्लॅटची किल्ली हँडबॅगेत शोधते, आणि तो बाजूला उभा राहून वाट पाहतो.

राहता राहिला भाषेचा प्रश्न. या कथा आम्ही इंग्रजीतच का वाचतो? इंग्रजी सुधारते म्हणून, असे सांगायचा प्रघात आहे, आणि ते अगदीच खोटे नाही. ‘लिंगर’, ‘ब्रश’, ‘शिव्हर’ या क्रियापदांचे बारकावे मला याच कथांनी शिकवले. पण खरे कारण निराळे आहे. मराठीत शरीराला दोन प्रकारचे शब्द आहेत. एक शास्त्राच्या पुस्तकातले आणि दुसरे नळावरच्या भांडणातले. पहिल्यांनी अंग थंड पडते, दुसऱ्यांनी कानावर हात जातात. मधली, घरगुती, प्रेमाची अशी भाषा आमच्यापर्यंत पोचलेली नाही. इंग्रजी शब्द आमच्या घरात कधी कुणी उच्चारलेच नाहीत, त्यामुळे त्यांना कुणाचा आवाज नाही, कुणाची शिवी नाही. ते वाचताना आपण एकटे असतो. आमच्या घरात कॉलेजात पाऊल टाकणारी मी पहिलीच. घरच्यांना ती भाषा येत नाही, म्हणजे माझ्यापुरते ते पुस्तकच बंद दाराची खोली आहे. हे लिहिताना जरा संकोच वाटतो, पण आहे ते असे आहे.

ही भाषा आपल्याकडे मुळात नव्हतीच असे मात्र नव्हे. हाल सातवाहनाची गाथासप्तशती ही आपल्या गोदाकाठची, महाराष्ट्री प्राकृतातली. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली ती मराठीत आणली, आणि कॉलेजच्या ग्रंथालयांतून ती सहसा सापडते. त्या सातशे गाथांत बाया आपल्या मनातले स्वच्छ बोलतात. मुक्कामाला आलेल्या वाटसरूला, घरात रात्री कोण कुठे निजते हे मोठ्या साळसूदपणे दाखवून ठेवणारी एक सून त्यात आहे. सासू शेजारी, घर भरलेले, दार कुठलेच नाही. तरी तिने दोन ओळींत आपली खोली तयार केली. बेडसिटमधल्या टायपिस्टने तिच्याकडून धडे घ्यावेत.

इकडे इंग्लंडमध्ये चक्र पुन्हा फिरले आहे. लंडनची भाडी अशी वाढली की तरुण माणसे चार-पाच जणांत मिळून घर घेऊ लागली, किंवा आईवडिलांकडे परत गेली. त्यामुळे हल्लीच्या कथांत फ्रिजच्या फळ्यांवर नावांच्या चिठ्ठ्या असतात, न्हाणीघरापुढे रांग असते, आणि ऐन वेळी कुणी तरी किटली ठेवायला स्वयंपाकघरात येते. भिंती पातळ, पलीकडे टीव्ही चालू. नायक-नायिका कुजबुजत बोलतात, मध्येच थांबून कानोसा घेतात, आणि टीव्हीचा आवाज वाढला की सुटकेचा श्वास सोडतात. हा भाग आम्हाला कुणी समजावून सांगावा लागत नाही.